सात प्रतिस्पर्धी, एक जंगल : बचावाच्या डावाच्या नोंदी

४ जानेवारी

डाव मांडला. सिव्हिलायझेशन ६ हा राज्य वाढवण्याचा संगणक खेळ, त्याच्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्ताराचे नियम, डिटी म्हणजे सगळ्यांत अवघड पातळी, पॅन्जिया नकाशा, स्टँडर्ड आकार. या आकारात आपण धरून आठ राज्यं असतात. म्हणजे सात प्रतिस्पर्धी, आणि पॅन्जियामुळे सगळे एकाच भूखंडावर. समुद्राचा आडोसा कुणालाच नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

स्वतःवर घालून घेतलेली बंधनं: आपण होऊन युद्ध पुकारायचं नाही. शत्रूचं शहर घ्यायचं नाही. जुनी सेव्ह उघडून टर्न परत खेळायचा नाही. शेवटपर्यंत एकही शहर जाऊ द्यायचं नाही. जिंकायचं ते संस्कृतीच्या मार्गाने.

या खेळाची चर्चा बहुतेक चढाईभोवती फिरते: कोणत्या टर्नला किती घोडे, कोणतं शहर आधी. बचाव म्हणजे चढाईची तयारी होईपर्यंत काढलेला वेळ, असंच धरलं जातं. मला ते पटत नाही. सात जणांच्या मधोमध बसून राज्य टिकवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा नीट अभ्यास व्हायला हवा. म्हणून या नोंदी.

राज्य निवडलं व्हिएतनाम, राणी बा त्रिएउ. तिसऱ्या शतकात चीनच्या वू राजवटीविरुद्ध लढलेली ही स्त्री खेळात आली २०२१ मध्ये. तिच्या सैन्याला झाडी, वर्षावन आणि दलदल यांत लढताना ५ बळ जास्त मिळतं. जमीन आपल्याच हद्दीतली असेल तर हाच आकडा दुप्पट, म्हणजे १०. शिवाय टर्नची सुरुवात झाडीत झाली तर चाल वाढते, आणि तीही स्वतःच्या हद्दीत दुप्पट. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला याहून जवळचं राज्य या खेळात सापडणार नाही.

५ जानेवारी

आज एकही टर्न खेळलो नाही, फक्त गणित केलं. उरलेला सगळा डाव याच्यावर उभा राहणार असल्यामुळे सविस्तर लिहून ठेवतो.

प्रत्येक युनिटचं, म्हणजे सैन्याच्या तुकडीचं, आयुष्य १००. दोन्ही बाजूंचं बळ सारखं असेल तर एका घावात साधारण ३० जातात. थोडं खालीवर होतं, पण मध्य ३०. बळात फरक पडला की नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, चक्रवाढीने वाढतं. १० चा फरक असेल तर ३० चे ४५ होतात, उलट बाजूने २०. फरक ३० वर गेला की एका घावात जवळजवळ पूर्ण १०० जातात. म्हणून बचावात प्रत्येक लहान अधिकाची किंमत दिसते त्यापेक्षा जास्त असते, आणि ते एकमेकांत मिळत जातात.

डिटीवर प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक युनिटला ४ बळ फुकट मिळतं. सुरुवातीला त्यांच्याकडे शहर वसवणारे तीन सेटलर, आपल्याकडे एक. उत्पादन आणि सोनं त्यांना ८० टक्के जास्त. संख्येने आपण त्यांना कधीच गाठणार नाही, हे पहिल्या टर्नपासून धरून चालायचं.

आता उदाहरण. घोडेस्वाराचं बळ ३६, अधिक ४, झाले ४०. समोर आर्चर, म्हणजे तिरंदाज, हातघाईतलं बळ फक्त १५. उघड्यावर फरक २५ चा, एका घावात ऐंशीच्या वर आयुष्य गेलं. तोच आर्चर स्वतःच्या हद्दीतल्या झाडीत उभा करा: १५, व्हिएतनामचे १०, झाडीचे नेहमीचे ३, एकूण २८. फरक १२ वर आला, घाव साधारण ४८ चा. उघड्यावरचा आर्चर पहिल्याच घावाने लोळागोळा होतो, झाडीतला पहिला घाव सोसून पुढच्या टर्नला बाण मारतो. त्याच्या बाणाचं बळ २५ अधिक १० म्हणजे ३५. चाळिशीच्या घोडेस्वाराला एका नेमात २५ च्या आसपास इजा. चार आर्चरांनी मिळून एक घोडेस्वार एका टर्नमध्ये संपवायचा, हे माझं मूळ एकक. पुढचे सगळे आकडे याच एककात मोजणार आहे.

दलदलीचं वेगळं आहे. तिथे व्हिएतनामचे १० मिळतात, पण दलदल स्वतः बचावातून २ कापते. वर्षावन आणि झाडी मात्र ३ देतात. तेव्हा उभं राहायला झाडी, दलदल फक्त वाटेत.

८ जानेवारी

राजधानी वर्षावनाच्या कडेला बसली. पहिल्याच टप्प्यात रानटी टोळीचा टेहळ्या दिसला. त्याने शहर पाहिलं आणि तो तळावर परत पोचला की तिथून हल्लेखोर निघतात, म्हणून वाटेतच गाठला. गोफणवाल्याने मारल्यामुळे आर्चरीचं संशोधनही ४० टक्के पुढे सरकलं.

शहरांच्या जागांवर बराच वेळ घालवला. दोन शहरांच्या मध्यांत किमान चार चौकटींचं अंतर लागतं, आणि तटबंदी झाली की शहराचा मारा दोन चौकटींपर्यंत पोचतो. म्हणजे शहरं बरोबर चारच्या अंतरावर ठेवली तर मधल्या चौकटीवर दोन्ही तटांवरून मारा होतो. लांब, सुपीक जागा सोडून दिल्या. पूर्वेच्या मैदानात लोखंड आहे, तरीही तिथे शहर नाही. सहा शहरांचा घट्ट पुंजका हवा, सगळा झाडीच्या पट्ट्याच्या आत.

सीमेवरच्या चौकटींवर शेतंही नाहीत. शत्रूने शेत लुटलं की त्याचं युनिट ५० आयुष्य भरून काढतं. सीमेवर शेत म्हणजे आपणच त्याला पुरवलेली रसद.

११ जानेवारी

सातही जणांशी भेट झाली. प्रत्येकाला पहिल्याच टर्नला शिष्टमंडळ पाठवलं, २५ सोन्यात. पुढे तेच नाकारतात, तेव्हा भेटल्याबरोबर पाठवणं उत्तम.

या खेळात प्रत्येक राज्यकर्त्याचा एक जाहीर स्वभाव असतो. तो वाचून यादी केली.

गिल्गमेश: दीर्घकाळ मैत्री ठेवणारा त्याला आवडतो. लवकर मैत्री होईल. तोमिरिस: दगाफटका करणाऱ्यांचा तिटकारा, मित्रांना जपते. गांधी: शांतता राखणाऱ्यांवर प्रसन्न. हे तिघे माझ्या बंधनांशी जुळणारे.

मॉन्टेझुमा: त्याच्याकडे नसलेली चैनीची वस्तू दुसऱ्याकडे दिसली की खटकते. माझ्या जंगलात मसाले आहेत, त्याच्याकडे नाहीत. हा दक्षिणेचा शेजारी.

आणि तिघे अडचणीचे. सायरसला अचानक हल्ला करणारे आवडतात, न करणारे आवडत नाहीत. अलेक्झांडरला कुणाशी तरी लढणारे आवडतात, शांत बसलेला त्याला खपत नाही. गोर्गोला कधीच युद्ध न पाहिलेला आवडत नाही, आणि तहासाठी काही देऊ करणारा तर अजिबात नाही. माझ्या बंधनांनी हे तिघे आपोआप दुखावणार. सायरस पूर्वेला लागूनच आहे.

१२ जानेवारी

सैनिकी बळाचा आकडा सतत बघतो आहे. शेजाऱ्याच्या तुलनेत आपण फार खाली गेलो की हल्ल्याची शक्यता वाढते, म्हणून आर्चरांची संख्या शहरांच्या दीडपट ठेवली. आगोगे धोरणाने ते दीडपट वेगाने होतात.

गिल्गमेश आणि तोमिरिस यांच्याशी जाहीर मैत्री झाली. तीस टर्न ते हल्ला करू शकत नाहीत, मीही नाही.

१८ जानेवारी

सायरस आला. अचानक युद्ध, अपेक्षेप्रमाणे. अशा युद्धानंतरचे पहिले दहा टर्न त्याच्या सैन्याला दोन चाली जास्त मिळतात. आणि युद्ध सुरू झाल्यापासून दहा टर्न तहाची बोलणीच होत नाहीत. दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे बेत सोपा झाला: दहा टर्न पुढे पाऊल टाकायचं नाही. त्याची धाव संपेपर्यंत त्याला आपल्या आवडीच्या जागेवर येऊ द्यायचं.

ती जागा मी आधीच घडवून ठेवली होती. बाण मारणाऱ्याला समोरचं दिसावं लागतं, आणि सपाटीवर शेजारची झाडी तिच्या पलीकडचं झाकते. सगळीकडे घनदाट झाडी असेल तर माझे आर्चरही आंधळे. म्हणून सीमेच्या आत दोन चौकटींवर एक पट्टा तोडून मोकळा केला. त्यातून उत्पादन मिळालं, त्याचा तट झाला. बाहेर झाडी, मध्ये उघडं पटांगण, आत पुन्हा झाडी आणि त्या झाडीत आर्चर. शत्रू बाहेरची झाडी अडखळत ओलांडतो, कारण तिथे चाल दुप्पट लागते. टर्न संपतो तेव्हा तो पटांगणात असतो.

घोडदळाबद्दल एक गोष्ट विसरू नये. भालेकरी शेजारी असले की पायदळाला अडखळावं लागतं, पण घोडदळ तो अडथळा मानत नाही, सरळ निघून जातं. त्याला झाडी अडवते, भाला नाही. भालेकऱ्याला घोडदळाविरुद्ध १० जास्त मिळतात ते मारामारीत, वाट रोखताना नव्हे. त्यामुळे भालेकरी ओळीत न ठेवता आर्चरांच्या मागे ठेवले. घोडा आर्चरला भिडला की पुढच्या टर्नला भाला त्याच्यावर.

पहिल्या लाटेत सायरसच्या पर्शियाचे अमर सैनिक होते. हे हातघाईलाही येतात आणि दोन चौकटींवरून बाणही मारतात. त्यांना पटांगणात थांबून माझ्यावर नेम धरता येत होता, तेव्हा चौघांचं एकक मोडून सहा जणांचं केलं आणि रोज एकच लक्ष्य धरलं. दोघांना अर्धं अर्धं जखमी करण्यापेक्षा एकाला पूर्ण संपवणं केव्हाही चांगलं. जखमी शत्रू परत येतो, मेलेला येत नाही. सातव्या टर्नपर्यंत पटांगण रिकामं झालं. दोन आर्चर गेले, शहराच्या तटाला धक्का लागला नाही.

१९ जानेवारी

आजची नोंद या डावातली सगळ्यांत महत्त्वाची.

दहा टर्न झाले, सायरस तहाला तयार दिसतो. मी तह केला नाही.

कारण इतरांशी संबंधांचे आकडे उघडून पाहिले. गोर्गोची नाराजी गेली, कारण आता मी युद्ध पाहिलेला आहे. अलेक्झांडर चक्क खूश, कारण मी कुणाशी तरी लढतो आहे आणि तो कुणी तरी अलेक्झांडर स्वतः नाही. सायरसने माझ्यावर चढाई करून माझ्या तीन अडचणींपैकी दोन सोडवल्या. तह केला असता तर अलेक्झांडर पुन्हा बिथरला असता, आणि त्याची सीमा माझ्या उत्तरेला उघडी आहे.

चालू पण थंड युद्धाचा खर्च किती? युद्धाचा थकवा प्रत्यक्ष लढाई झाली तरच वाढतो, आणि स्वतःच्या हद्दीत लढलं तर कमी वाढतो. सायरसकडे पाठवायला सैन्य उरलेलं नाही. व्यापारी मार्ग पूर्वेकडे नाहीतच, सगळे माझ्या शहरांमध्ये आपसांत फिरवलेत. त्यातून रस्तेही तयार झाले. म्हणजे खर्च जवळजवळ शून्य आणि मोबदला उत्तरेची शांतता. न मागता मिळालेलं युद्ध हे राजकारणातलं चलन आहे, ते लगेच मोडून टाकू नये.

तह झालाच तर त्यात एक नाणंही द्यायचं नाही. गोर्गो बघते आहे.

२५ जानेवारी

सिव्हिल सर्व्हिस हा प्रगतीचा टप्पा आला, म्हणजे युतीची दारं उघडली. युतीचे पाच प्रकार: संशोधन, लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक. प्रत्येक प्रकार एका वेळी एकाशीच. सात प्रतिस्पर्धी आणि पाच जागा, म्हणजे दोघे तरी बाहेर राहणारच. तेव्हा सगळ्यांना खूश ठेवायचा प्रयत्न सोडून कोणाला बाहेर ठेवायचं हे ठरवायला बसलो.

गिल्गमेश लष्करी, त्याचंही सायरसशी वाकडं असल्यामुळे: समान शत्रूविरुद्ध ५ बळ जास्त. तोमिरिस आर्थिक. तिच्या राज्यात एका हलक्या घोडदळाच्या खर्चात दोन तयार होतात, ती विरोधात गेलेली परवडणार नाही. गांधी सांस्कृतिक. गोर्गो संशोधन, दोन आठवड्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. धार्मिकची जागा रिकामी. बाहेर राहिले सायरस, मॉन्टेझुमा आणि अलेक्झांडर. पहिले दोघे ज्या दिशांना आहेत तिथे माझी झाडी सगळ्यांत दाट आहे. तिसऱ्याला चालू युद्धाने शांत ठेवलंय.

युतीही तीस टर्नांची. चारही एकाच टर्नला केल्या तर चारही एकाच टर्नला संपतील, आणि त्या एका टर्नला सगळ्या सीमा उघड्या पडतील. म्हणून सात-आठ टर्नांच्या अंतराने केल्या. कागदावर मुदती लिहून ठेवल्यात. तटबंदीच्या दुरुस्तीइतकंच या कागदाकडे लक्ष आहे.

२६ जानेवारी

थान उभारायला सुरुवात. लष्करी छावणीच्या जागी व्हिएतनामला हे मिळतं: निम्म्या खर्चात, लोकसंख्येची अट नाही, आणि शेजारच्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमागे, म्हणजे शहराच्या खास विभागामागे, २ संस्कृती. शहराला तट असेल तर थानही स्वतः मारा करतो, आणि तो पडल्याशिवाय शत्रूला त्या चौकटीतून जाता येत नाही. दक्षिणेच्या दोन शहरांपुढे दोन थान, खिंडीच्या दोन तोंडांना. एकाच इमारतीतून बचाव आणि विजयाचा मार्ग, दोन्ही सरकतात.

लायम्स धोरण लावलं आहे, तट दुप्पट वेगाने होतायत. ते झाले की काढून टाकणार.

१ फेब्रुवारी

मॉन्टेझुमाने युद्ध पुकारलं, आणि त्याच सुमारास सायरसची दुसरी लाट पूर्वेला दिसली. दोन दिशा एकदम.

इथे पुंजक्याचा फायदा मिळाला. त्या दोघांना एकमेकांपर्यंत पोचायला माझ्या राज्याला वळसा घालावा लागतो, मला मात्र आतून दोन टर्नांत सैन्य इकडचं तिकडे नेता येतं. झाडीतून निघणाऱ्याला दोन चाली जास्त, शिवाय रस्ते. सहा व्हॉई चिएन केले होते, क्रॉसबोच्या जागी मिळणारे हत्ती. त्यांचा खरा गुण म्हणजे बाण मारल्यावरही ते हलू शकतात. झाडीच्या कडेला यायचं, मारायचं, आत जायचं. शत्रूच्या टर्नला समोर कुणीच नाही.

आधी दक्षिण. मॉन्टेझुमाच्या अझटेकांकडे कॅटापल्ट, म्हणजे दगडफेकी यंत्रं, होते आणि तटाला खरा धोका त्यांचाच. पायदळाला तटावर फार काही करता येत नाही. म्हणून पुढच्या गरुडवीरांना थानच्या माऱ्यावर सोडून सहाही हत्ती दोन टर्न फक्त कॅटापल्टांवर लावले. ते गेल्यावर दक्षिणेचा हल्ला नुसती गर्दी होऊन राहिला.

तोवर पूर्वेला तीन आर्चर आणि तट एवढ्यावर भागवलं. तिथे एक चौकी आणि लाकडाची गिरणी लुटली गेली, ती जाऊ दिली. ती वाचवायला झाडीतून बाहेर पडणं म्हणजे १३ बळ सोडून देणं. चौथ्या टर्नला हत्ती पूर्वेला पोचले. पर्शियाचं सैन्य तेव्हा पटांगणात, लुटीत गुंतलेलं.

८ फेब्रुवारी

मॉन्टेझुमाशी तह, काही न देता. सायरसशी नाही.

गोर्गोची युती संपून नवी होईपर्यंत मध्ये दोन टर्न गेले. त्या दोन टर्नांत जनरलसह सगळे हत्ती पश्चिमेला उभे होते. काही झालं नाही. नवी युती झाली.

तोडलेल्या पट्ट्यांपैकी जे आता आत गेलेत तिथे पुन्हा झाडी लावतो आहे. व्हिएतनामला मीडिव्हल फेअर्स या टप्प्यापासूनच झाडं लावता येतात, इतरांना त्यासाठी बरंच थांबावं लागतं. सैन्य श्रेणीसुधारासाठी प्रोफेशनल आर्मी धोरण, निम्म्या सोन्यात. नवी युनिटं जवळजवळ करतच नाही, जुनी अनुभवी सुधारून घेतो.

१५ फेब्रुवारी

संस्कृती विजय. सहा शहरं, सहाही शाबूत. सायरसशी युद्ध शेवटच्या टर्नलाही चालूच होतं. अलेक्झांडरने एकदाही हत्यार उचललं नाही.

एक प्रश्न उरलाय. यात जंगलाचा वाटा किती आणि मुदतींच्या कागदाचा किती? हे वेगळं करून बघायला हवं. पुढचा डाव: हेच सात प्रतिस्पर्धी, हाच नकाशाचा प्रकार, हीच बंधनं, पण राज्य रोम. झाडीचं अधिक बळ नाही, उघडं मैदान. शहरं पुन्हा चारच्या अंतरावर, युत्या पुन्हा सात-आठ टर्नांच्या फरकाने, आणि पहिलं अंगावर आलेलं युद्ध पुन्हा चालू ठेवायचं. सेटिंग जतन केली आहेत.